मंगळवारचे तीन वाचक

मिरजेच्या एका वाचनालयात दर मंगळवारी तीन मृत ब्रिटिश कादंबरीकार पुस्तकं बदलायला येत. एक अठराव्या शतकातल्या बाई, एक एकोणिसाव्यातले साहेब आणि एक विसाव्यातल्या बाई. वाचनालयाचं कामकाज मराठीत चालत असल्यामुळे तिघंही मराठीत बोलत.

ग्रंथपाल शालन बिवलकर यांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पाच वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक रद्दीत काढायचं, असा नियम होता आणि यादी आजच द्यायची होती. या तिघांच्या कादंबऱ्यांना मिरजेत काळं कुत्रं विचारत नव्हतं. तरी त्या नेमानं बाहेर जात. नोंदवही उघडली तेव्हा उलगडा झाला. तिघं एकमेकांचीच पुस्तकं नेत होते.

"अहो रूपम् अहो ध्वनिः!" शालनताई म्हणाल्या. "वाचता तरी का?"

"वाचतो की," साहेब म्हणाले. "या विसाव्या शतकातल्या बाईंच्या पुस्तकात लग्नाची मुलगी आहे, घर दुसऱ्याला जाणार आहे आणि मनातलं कुणी बोलत नाही. म्हणून तर पाचशे पानं लागतात."

शालनताईंनी दोघींना वेगवेगळं बसवून, नेलेल्या पुस्तकात काय आहे ते विचारलं. उत्तर तेच.

"म्हणजे उचलेगिरी!"

"नाही हो," अठराव्या शतकातल्या बाई म्हणाल्या. "तीनशे वर्षांत आमच्याकडे कुणी मनातलं बोललंच नाही. आम्ही तरी काय करणार?"

नियम मोडला नव्हता. संशयानं यादीत घातलेली तिन्ही नावं शालनताईंनी नाइलाजानं खोडली. खाली एकच नाव उरलं. त्यांच्या वडिलांची एकुलती एक कादंबरी. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. आपल्याबद्दल काय लिहिलं असेल या धास्तीनं शालनताईंनी ती कधी उघडलीच नव्हती.

"एवढं हेही न्याल का?" त्यांनी हळूच विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्ही मागितलं होतं," साहेब म्हणाले. "गेल्या मंगळवारी तुमचे वडील आले होते. नको म्हणाले. मुलीनं नेलं तर राहू दे, नाहीतर जाऊ दे रद्दीत."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

"तेच विचारलं आम्ही. तर पावसापाण्याचं बोलत बसले."

 शालनताईंनी स्वतःचं कार्ड काढलं, पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकली आणि काउंटरवरच पहिलं पान उघडलं. पहिल्याच ओळीत एक बाप दारातून शालूला हाक मारत होता. वाचनालयात बोलायला सक्त मनाई होती. शालनताईंनी मोठ्यानं ओ दिली.