सगळ्यांसाठी खुलं, अट एकच

"तुमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स नाहीये," रश्मी मॅडम फोनवर म्हणाल्या, आणि संघर्षचा चहा हातातच राहिला.

रविवारी दादरला रश्मी मॅडमनी ओपन सोर्सवाल्यांचा, म्हणजे आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांचा, मेळावा भरवला होता. तिथे तो स्टेजवरून आपलं सॉफ्टवेअर दाखवणार, हे करी रोडच्या अख्ख्या चाळीला सांगून झालं होतं. तयारीसाठी त्याने रजाही टाकली होती. माणसांचा आकडा टाकला, की तांदूळ किती, डाळ किती, हे ते सॉफ्टवेअर सांगत असे.

"अहो, सगळा कोड नेटवर आहे. फुकट आहे. अजून काय उघडं करू?"

"कोडच्या खाली अट लिहिलीय ना, धंद्यासाठी वापरू नये. धंदेवाल्यालाही वापरता आलं, तरच ते ओपन सोर्स. चारपर्यंत अट काढा, नाहीतर यादीतून नाव काढते."

"एखादी कंपनी उचलून विकेल त्याचं काय?"

"विकू दे," मॅडम म्हणाल्या. हे समजावण्याची त्यांची आजची सातवी वेळ असावी, आवाजात जीवच नव्हता.

"अट राहणार!" संघर्षने बाणेदारपणे फोन ठेवला. ते नेमकं स्वयंपाकघरात ऐकू गेलं. तिथे त्याची आई कांताबाई चाळीतले जेवणाचे बत्तीस डबे भरायच्या तयारीत होत्या.

"धंदा म्हंजे काय रे?"

"पैसे घेऊन विकणं."

"मग मी काय फुकट वाटते?"

"आई, तू घरची आहेस."

"तसं लिवलंस का खाली?"

लिहिलं नव्हतं. कांताबाईंनी मोबाईल पालथा घातला. "मग नको. आपल्या घरात लिवलेलं पाळतात."

सहा महिने मोबाईलमधल्या त्या सॉफ्टवेअरवर विसंबून त्यांच्या हाताचा अंदाज गेला होता. भात पातेलंभर उरला आणि आमटी तेवीस डब्यांतच संपली. उरलेल्या नऊ घरी कोरडा भात घेऊन अर्थातच संघर्षला जावं लागलं. प्रत्येक दारात आधी आमटीची चौकशी झाली, मग रविवारची. पाचव्या दारापर्यंत त्याचा बाणा पुरता गळाला. साडेतीनला जिन्यात बसून त्याने अट पुसली. वाईट वाटलं, पण वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं.

"काढली अट," घरात येऊन तो म्हणाला. "आता कुणीही वापरा."

"कुणीही?"

"कुणीही."

भांडी घासणारा कांताबाईंचा हात थांबला. समोरच्या खोलीतली बकुळाही डबेच करायची, आणि तिची आमटी रोज कमी पडायची.

"बकुळापण?"

"तीपण."

"मग येवढंच लिव ना रे खाली," कांताबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "बकुळा सोडून."

संघर्षने रश्मी मॅडमना फोन लावला आणि आईच्या हातात दिला.