जनूभाऊंचा गी

सकाळी आमचं दार वाजलं की दूधवाला तरी असतो, नाहीतर वास द्यायला आलेले शेजारचे जनूभाऊ. "वहिनी, वास घ्या. काय येतो काय?" असं म्हणत ते धुतलेला जाड पांढरा कोट माझ्या बायकोच्या नाकापुढे धरतात. ती निमूट वास घेते, "नाही हो" म्हणते आणि दूध तापवायला जाते. सवय झाली आहे.

कोट म्हणजे 'गी', जिउ-जित्सू या कुस्तीचा पोशाख. जनूभाऊ मूळचे समुद्रकाठच्या मुरबे गावचे, तारापूरच्या कारखान्यात स्टोअरला होते, आता बोईसरला एकटेच राहतात. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, हे जिउ-जित्सूच्या क्लासला लागले. वर माझं पोट बघून मलाही ओढलं.

माझा गी त्यांनीच निवडला. पार्सल माझ्याआधी त्यांनी फोडलं. गळपट्टी दोन्ही मुठींत धरून असा हिसका दिला की मला वाटलं, फाटलाच. "गळा जाड पायजे. समोरचा हितंच धरणार." मग गुडघ्याला दुहेरी कापड आहे का ते चाचपलं. बाही बोटांवर येत होती म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाले, "असू दे. धुतल्यावर आटंल."

धुण्याचे नियम तर सोवळ्याहून कडक. गरम पाणी नाही, ब्लीच नाही, उलटा करून सावलीतच वाळवायचा. क्लासवरून येऊन मी चपला काढतोय तोच भिंतीपलीकडून आवाज येतो, "काढला काय पिशवीतना?" नाही म्हणायची माझी काय बिशाद.

भरवसा नाही तो फक्त स्वतःच्या नाकावर. "आमी बोंबलात वाढलो. आमाला तो वास कळत नाय." त्याच नाकाने शेवटी घात केला. बोईसरच्या हवेत केमिकल हाय म्हणून गेल्या हिवाळ्यात ते गी घेऊन मुरब्याला बहिणीकडे गेले आणि समुद्राच्या वाऱ्यावर, बोंबील सुकवायच्या बांबूंवर, बोंबलांच्या शेजारीच तो वाळत घातला. तिथून थेट क्लासला आले. बहीणही मुरब्याचीच, तिला काय वास येणार?

जोड्या लावायची वेळ आली तेव्हा एकाचा गुडघा अचानक दुखायला लागला. दुसऱ्याला फोन आला. तिसरा पाणी प्यायला गेला तो परतलाच नाही. जनूभाऊंना कारण कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते मॅटच्या कडेला जाऊन बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या सकाळी ते आले नाहीत, म्हणून मीच गेलो. गी बादलीत भिजत होता.

"क्लास बंद करतो," ते म्हणाले.

"अहो, एक दिवस वास आला तर काय एवढं?"

"तुला नाय कळायचं." त्यांनी बादलीत वर आलेला गी पुन्हा खाली दाबला. "बायको वारली तवापासना मला हात लावतो तो एक न्हावी. तितं पोरं धरतात रे. गळा आवळतात, पण धरतात. आता ती पण लांब बसतील."

 

पुढच्या क्लासला मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. वास थोडा होताच. पोरं एकमेकांकडे बघू लागली, तोवर मी समोर बसलो आणि त्यांची गळपट्टी धरली.

"ढिला धरलास. नीट धर."

मी नीट धरली. थोड्याच वेळात माझाच गळा त्यांच्या दोन्ही हातांत होता. सहन होईनासं झालं की मॅटवर हात आपटायचा असतो, मग समोरचा लगेच सोडतो.

मी हात आपटायला जरा उशीरच केला.