वलवणच्या बेपत्ता खानावळीचा तपास

"लिही सुहास. हौशीराम, मावळचा तिसरा डोळा. ज्याच्या नजरेतून टाचणी सुटत नाही आणि ज्याच्या कानातून कुजबुज निसटत नाही."

मी लिहिलं. रिक्षाच्या हँडलवर मोबाइल टेकवून भाऊंची स्तुती लिहायची मला आता सवय झाली आहे. हौशीरामभाऊ रेल्वेत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर होते. छत्र्या, डबे, एकदा तर एक बोकडसुद्धा त्यांच्या ताब्यात आला. बोकडाचा मालक काही सापडला नाही, आणि त्या रविवारी भाऊंच्या घरातून मसाल्याचा फार सुंदर वास येत होता, असं शेजारी सांगतात. निवृत्तीनंतर भाऊ गुप्तहेर झाले. गुप्तहेराला गाडी लागते, म्हणून मी सहायक झालो.

"पण हे लिहायचं कशाला?"

"नकाशावर टाकायला. लोक फोनमध्ये 'जवळचा गुप्तहेर' शोधतील, तेव्हा मी सगळ्यात वर दिसलो पाहिजे."

"भाऊ, गुप्तहेरानं दिसायचं कशाला?"

बेवारस पिशवीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात रेणुका आली.

रेणुका आधी नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत कामाला होती. नोकरी सोडून तिनं वलवणला, धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर, खानावळ काढली. पिठलं, भाकरी, ठेचा. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी फोनमध्ये 'जवळपास घरगुती जेवण' शोधत यायची आणि बोटं चाटत जायची.

"भाऊ, माझी खानावळ हरवली."

"जागेवर नाही?"

"जागेवर हाय. फोनात न्हाई. नाव घालून बघितलं तर खाली लाल अक्षरात येतंय, 'कायमचे बंद'. मी चालू करते, कोनतरी परत बंद करतंय. गिऱ्हाईक येईना. जुन्या कंपनीतला सुपरवायझर म्हनतो, सोमवारपासून ये, लाइनवर जागा हाय. आता तुमीच सांगा, जाऊ का?"

तिचा आवाज निवत चाललेल्या तव्यासारखा होता. भाऊंनी मात्र डोळे मिटले आणि तर्जनी आकाशाकडे नेली.

"धुकं!"

"काय?"

"उपग्रह वरून बघतो. लोणावळ्याला धुकं. त्याला खानावळ दिसत नाही, म्हणून तो बिचारा बंद समजतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही छपरावर लाल ताडपत्री पसरली आणि तिच्यावर चुन्यानं पुरुषभर उंचीची अक्षरं काढली : जेवण तयार आहे. उपग्रहानं काही वाचलं नाही. माकडांनी वाचलं. एक टोळी उतरली, भाकऱ्यांची दुरडी घेऊन गेली आणि जाताना ताडपत्रीही नेली.

"नाव तोकडं आहे," भाऊ हार न मानता म्हणाले. रेणुकाचा फोन घेऊन त्यांनी नकाशावरचं 'रेणुका खानावळ' खोडलं आणि लिहिलं : 'रेणुका खानावळ घरगुती जेवण पिठलं भाकरी वलवण लोणावळा जवळपास माझ्याजवळ आत्ता लगेच'.

"भाऊ, हे नाव हाय का गाड्यांचं टाइमटेबल?" रेणुका म्हणाली.

संध्याकाळी त्या लांबलचक नावाखालीही लाल अक्षरं उमटली.

"मग हा घातपात आहे," भाऊ पुटपुटले. "शनिवारी सकाळी सगळ्या संशयितांना जेवायला बोलव."

संशयित म्हणजे शेजारचे मारुतीआबा, रेणुकाची सासू विठाबाई, वरच्या आळीतली चार माणसं आणि कोपऱ्यावरचा मिसळवाला गोरख. पंगत बसली. वाफाळत्या पिठल्याच्या वासानं तपासाला भलताच जिव्हाळा आला. भाऊ उभे राहिले.

"गुन्हेगार याच पंगतीत बसला आहे!"

गोरखचा घास हातातच राहिला. भाऊंनी नेमकं त्याच्यावर बोट रोखलं. "रेणुकाचं गिऱ्हाईक तुटलं की कुणाची मिसळ खपते? बोल!"

"भाऊ, माझ्या फोनला बटनं हायत," गोरख म्हणाला. "त्याच्यावर नेट न्हाई, नकाशा न्हाई. माझीच मिसळ कुटं हाय ते मला फोनात दिसत न्हाई. आन् हिचं गिऱ्हाईक येतं म्हनून तर माझ्याकडं चहा प्यायला थांबतं!"

भाऊंचं बोट हवेत तसंच राहिलं. एवढ्यात टिंग झालं. मारुतीआबांनी खिशातून फोन काढला, हातभर लांब धरला आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "हे ठिकान अजून सुरू आहे का?" मग नाकातून "हूं" केलं, अंगठा दाबला आणि पुन्हा पिठलं ओरपायला लागले.

रेणुका भाकरी वाढता वाढता थबकली.

"आबा, काय दाबलंत?"

"'न्हाई' असं दाबलं."

"का वो?"

"अगं पोरी, रोजचं झालंय. चालू हाय का, कवा उघडती, गाडी लावाया जागा हाय का. 'जागा' वाचलं आन् मी वळखलं. दलाल हाय!"

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. जमिनीची चौकशी करत इकडं इतके लोक फिरतात, की अनोळखी माणसानं काहीही विचारलं तरी आमच्याकडची आळी एका सुरात सांगते : न्हाई, बंद हाय, मालक गावाला गेलाय. आणि नकाशा तर आसपासच्या फोनांनाच विचारतो; 'नाही' जास्त आले की ठिकाण बंद दाखवतो.

"मीबी तेच दाबते," विठाबाई शांतपणे म्हणाल्या. "वरल्या आळीलाबी सांगून ठेवलंय. माझी सून एकटी राबती. तिच्या जागंवर कुनाची नजर नगं."

वरच्या आळीच्या चारही माना अभिमानानं डोलल्या.

"हौशीराम, तुजीबी चौकशी आलती बरं," आबा म्हणाले. "गुप्तहेर सुरू हाय का म्हनून. म्हनलं, गरीब मानूस हाय, कशाला तरास. 'न्हाई' दाबलं."

भाऊ खाली बसले. रेणुका आधी हसली, मग तिनं पदरानं डोळे पुसले. ते पाणी हसण्याचं, मायेचं की ठेच्याचं, हा तपास भाऊंनीही अंगावर घेतला नाही.

दुपारी रेणुकानं जुनं साधं नाव परत लावलं, वेळा भरल्या, खानावळ पुन्हा 'सुरू' केली. मी टम्म फुगलेल्या भाकरीचे फोटो काढून टाकले. आबांसकट सगळ्यांनी 'होय' दाबायची शपथ घेतली. माहितीच्या जागेत काय लिहायचं, यावर भाऊ घसा खाकरत होते, तोवर विठाबाईंनी ओवीच सांगितली :

धरणाच्या गं काठाला, चूल माज्या रेणुकाची
पावण्या तू ये रे बाबा, हाय भाकर सुखाची

रविवारी दुपारी एक मोटार वाटेवर थांबली. काच खाली झाली. उंबऱ्यात विठाबाई लसूण सोलत होत्या.

"मावशी, रेणुका खानावळ सुरू आहे ना? फोनवर तर दाखवतंय."

विठाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं. "न्ह..."

आत रेणुकाचे पिठातले हात थांबले. आबा पारावरून अर्धे उठले. माझ्या शेजारी भाऊंनी माझं मनगट करकचून धरलं.

विठाबाईंनी पाव्हण्यांना खालून वर, वरून खाली न्याहाळलं.

"जमीन बघाया आलात का जेवाया?"

"जेवायला!"

"मग चालू हाय. हात धुवा." आणि आत वळून त्यांनी साद घातली, "रेणुका, तवा ठेव गं. आन् त्या कंपनीवाल्याला फोन कर. म्हनावं, तुजी जागा ठेव तुलाच."