‘फोन नको’ यादी

गाद्या विकणाऱ्या त्या कंपनीत प्रामाणिकता विभाग स्थापन झाला, तेव्हा त्यात एक टेबल, एक मोडक्या पाठीची खुर्ची आणि एक तपासनीस एवढंच होतं. तपासनीस तीन महिन्यांच्या बोलीवर होता. तेवढ्यात चोर सापडला तर कायम, नाहीतर घरी.

चोरी अशी. संभाव्य गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर आणून द्यायला कंपनीने तीन पुरवठादार नेमले होते. ज्याला गादी हवी आहे तो ‘इच्छुक’, आणि इच्छुकाची व्याख्या करारातच होती: जो मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेतो, तो इच्छुक. या व्याख्येत बहिरे, भिडस्त आणि फोन टेबलावर ठेवून आंघोळीला गेलेले असे सगळेच ऐसपैस मावत. जे मात्र “पुन्हा फोन केलात तर याद राखा” म्हणत, त्यांची वेगळी ‘फोन नको’ यादी कंपनी पुरवठादारांना पाठवी. उद्देश हा की या भल्या माणसांना कुणी छळू नये. दुसऱ्याच दिवशी त्यांना पंखेवाले, विमेवाले आणि सहलवाले फोन करू लागत. यादी कुणीतरी बाहेर देत होतं.

तपासनीसाने सापळा रचला. तिन्ही पुरवठादारांना जाणाऱ्या याद्यांत त्याने स्वतःच्या आईचा नंबर घातला, पण पहिल्या यादीत वकीलबाई म्हणून, दुसरीत डॉक्टरबाई म्हणून आणि तिसरीत गायिका म्हणून. फोन करणारा जिला विचारील, तिच्यावरून चोर कळणार होता.

“अरे, पण मला गाता कुठे येतं?” आई म्हणाली.

“गायचं नाही गं. कोणी कुणाला विचारलं तेवढं वहीत लिहायचं.”

“त्यानं तू कायम होशील?”

“होईन.”

“मग वेळ आली तर गाईनसुद्धा.”

सापळ्याला अर्थातच मंजुरी लागते. ‘अतिगोपनीय सापळा अर्ज’ सात प्रतींत भरून सात विभागांच्या सह्या घ्यायच्या होत्या. नंबर कुणाचा, अर्जदाराशी नातं काय, वय, दुखणं, घरात पलंग आहे का, असल्यास किती जुना, असे रकाने होते. तपासनीस सचोटीचा माणूस. त्याने सगळं खरं लिहिलं.

दोन आठवड्यांत वही भरत आली. संध्याकाळी घरी येताच त्याने अधीर होऊन विचारलं, “वकीलबाईंना किती आले?”

“एकही नाही.”

“डॉक्टरबाई?”

“नाही.”

“गायिकेला तरी?”

“मी घसा शेकून बसले होते रे. कोणी विचारेल तर शपथ.”

“मग वही कशानं भरली?”

“सगळे तपासनीसांच्या आईलाच विचारतात. आई, गुडघे कसे आहेत? पलंग बावीस वर्षांचा झाला ना? इतकी चौकशी तू तरी कधी केलीस?”

ते गुडघे आणि तो पलंग जगात एकाच कागदावर होते, आणि त्या कागदावर सात सह्या होत्या. वही काखोटीला मारून दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला. सातवी सही साहेबांची होती.

“साहेब, पुरवठादार स्वच्छ आहेत. चोर आपल्यातच आहे.”

“चोर काय म्हणता? आपला माहिती सदुपयोग विभाग आहे तो,” साहेब दुखावून म्हणाले. “कपाटात पडून राहिली की माहिती खराब होते.”

“पण फोन करणार नाही असा आपण लोकांना शब्द दिलाय.”

“मग आपण कुठे करतो? दुसरे करतात. थोडक्यात, चोर नाही. आणि चोरच नाही तर तुम्ही पकडलंत काय?” साहेबांनी खेदाने कॅलेंडरकडे पाहिलं. मग त्यांची नजर काखेकडे गेली. “ही वही कसली?”

आई कुणाशीही एकतर्फी बोलत नसे. फोन करणाऱ्यांचीही तिने उलट चौकशी केली होती आणि ती गोल अक्षरात उतरवली होती. ‘विमेवाला. मान आखडते. महिनाभर आईशी बोलला नाही, आधी तिला फोन कर म्हटलं.’ ‘पंखेवाली मुलगी. आठ तास स्टुलावर. पाठ भरून येते, जमिनीवर झोपते. घरी माहीत नाही. कुणाला सांगू नका म्हणाली.’ अशी तीनशे बारा माणसं होती.

“यांतल्या एकानेही मध्येच फोन ठेवला नाही?” तपासनीसाने टेबलावर उघडलेल्या वहीवर वाकून साहेबांनी विचारलं.

“आई ठेवू देत नाही.”

“म्हणजे करारानुसार सगळे इच्छुक! अहो, कंपनीच्या जन्मापासूनची ही पहिली खरी यादी!”

साहेबांनी कायम नेमणुकीचं पत्र काढून वहीशेजारी ठेवलं.

“पंखेवाली म्हणालीय, कुणाला सांगू नका,” तपासनीस पुटपुटला.

“आपण काय परके आहोत?”

तपासनीसाला लाज वाटली, चांगली कानाच्या पाळ्या तापण्याइतकी. तरीही त्याने वही पुढे सरकवली.

चार दिवसांनी कायम तपासनीस घरी जेवत असताना फोन वाजला. पंखेवाली होती. आज तिला काही विकायचं नव्हतं.

“आई, सकाळपासून गादीवाले मागे लागलेत. माझी पाठ त्यांना कशी हो कळली? मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं.”

आईने मुलाकडे पाहिलं. तो पानातलं निवडत बसला. जन्मात पहिल्यांदाच तिने फोन मध्येच ठेवला. त्यामुळे करारानुसार ती एकटी इच्छुकांतून बाद झाली.

तुम्ही मात्र मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. तुमचा पलंग किती जुना आहे?