सही दोन टिंबांपर्यंत

नदीवरच्या पादचारी पुलाचा तिसरा खांब तडकला, तेव्हा पूल विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याने फलकासाठी एक वाक्य लिहून वर पाठवले: "पुलावरून जाऊ नये: तिसरा खांब तडकला आहे." वाक्य शुद्ध होते. आधी सांगायचे, मग दोन टिंबे द्यायची आणि पुढे खुलासा करायचा, हे शाळेत शिकवतात. पण शाळेत त्याखाली सही करावी लागत नाही.

विभागात एक जुनी वहिवाट होती: टिंबांच्या आधीच्या मजकुरावर लिहिणाऱ्याची सही, नंतरच्या मजकुरावर जबाबदार अधिकाऱ्याची. लिहिणारे पैशाला पासरी होते. जबाबदार अधिकाऱ्याचा शोध विभाग स्थापन झाल्यापासून चालू होता.

साहेबांनी चष्मा पुसून वाक्य वाचले.

"'जाऊ नये' इथपर्यंत ठीक आहे. पण पुढे तुम्ही कारण दिलंत. कारण दिलं की खांब कोणी बांधला, ते निघतं. कोणी तपासला, तेही निघतं. कशाला विस्तवाशी खेळता?"

"मग टिंबं काढून टाकतो, साहेब. नुसतंच 'जाऊ नये' लिहू."

"कारणाशिवाय मनाई? लोक कोर्टात खेचतील. टिंबं हवीतच. टिंबं म्हणजे कारण आहे, याची हमी. फक्त ते सांगायचं नाही."

पुढे वाहतूक विभागाने हरकत घेतली, की मनाई करण्याचा अधिकार आमचा आहे. तेव्हा 'जाऊ नये' हेही गेले. शेवटी सर्व विभागांच्या संमतीने पुलाच्या तोंडाशी भलामोठा फलक उभा राहिला. त्यावर लिहिले होते, "नागरिकांना नम्र सूचना:" टिंबे लाल रंगात होती आणि लांबून दिसत होती. साहेबांनी फीत कापली.

नागरिक खूश झाले. येता-जाता थांबून ते फलक वाचत आणि समाधानाने पुलावर पाय ठेवत. "नम्र म्हटलंय बघा," असे एकमेकांना दाखवत. एका निवृत्त शिक्षकांनी तर जाहीर कौतुक केले, "टिंबं कशी जागच्या जागी आहेत. हल्ली एवढं कोण पाहतं?"

अभियंत्याच्या जिवाला मात्र घोर होता. पलीकडच्या काठावर त्याची मावशी अंथरुणाला खिळलेली होती आणि त्याची आई रोज सकाळी डबा घेऊन त्याच पुलावरून तिच्याकडे जात असे.

"आई, पुलावरून जाऊ नकोस. खांब तडकलाय."

"फलकावर लिहिलंय का तसं?"

"लिहायचंय अजून."

"मग लिहिलं की सांग. तुला लहानपणापासून जिथं तिथं तडेच दिसतात. एवढा मोठा फलक लावलाय, सरकारला काय कळत नाही?"

"अगं, त्या पुलापुरतं सरकार म्हणजे मीच!"

"म्हणूनच म्हणते."

अभियंत्याने कपाळाला हात लावला. मग दुसऱ्या दिवशी उजाडताच रंगाचा डबा घेऊन तो पुलाशी गेला आणि टिंबांच्या पुढे स्वतःच्या हाताने लिहून आला: तिसरा खांब तडकला आहे, वळसा घालून जा. आईने फलक वाचला आणि नदीच्या वरच्या अंगाच्या पक्क्या पुलाचा लांबचा रस्ता धरला. त्या दिवशी त्याला बऱ्याच दिवसांनी अन्न गोड लागले.

हे सुख टिकायचे नव्हते. नागरिकांचे शिष्टमंडळ साहेबांच्या दालनात शिरले. पुढे निवृत्त शिक्षक होते.

"इतके दिवस फलक होता, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही," ते गरजले. "मजकूर आला आणि आमची पायपीट सुरू झाली. याचा अर्थ काय? धोका मजकुरामुळे निर्माण झालाय!"

"शिवाय त्यात नम्रपणा नाही," मागून कोणीतरी म्हणाले.

विभागाने प्रथमच एखाद्या तक्रारीची त्याच दिवशी दखल घेतली. मजकूर पुसला गेला, टिंबे तेवढी जपून ठेवली. अभियंत्याच्या हाती निलंबनाचा आदेश पडला: "आपल्याला निलंबित करण्यात येत आहे. कारण:" पुढची जागा कोरी होती. ती त्यानेच भरून सही करायची होती. टिंबांनंतरचे लिहिणारा तोच, तेव्हा जबाबदारही तोच. विभागाला अखेर जबाबदार अधिकारी सापडला.

सकाळी आईने डबा उचलला आणि पायांत चपला सरकवल्या.

"बघ, पुसलं ते. दुरुस्त झाला वाटतं पूल."

"नाही गं आई, काहीही झालेलं नाही."

"लोक काय वेडे आहेत? एवढी माणसं जातायत ती."

तिच्याशी वाद घालून कुणाचे भले झाले नव्हते. त्याने डबा आपल्या हातात घेतला, दुसऱ्या हाताने तिचे मनगट घट्ट धरले आणि दोघे पुलावर चढले. तिसऱ्या खांबाशी त्याने तिला हळू चालायला सांगितले. पण मागची गर्दी रेटत होती: सगळ्यांना उशीर झाला होता, फलक सगळ्यांनी वाचला होता, आणि मजकूर पुसून घ्यायला गेलेले सगळे तिथेच होते, तुम्हीसुद्धा. तुमचा धक्का तिच्या खांद्याला लागला, तेव्हा तुम्ही मोठ्या नम्रपणे "माफ करा" म्हणालात, तेही त्याने ऐकले.