स्टीलच्या डब्याला पोट असतं

"स्टीलचा डबा बाहेर ठेवू नको, डिंपल. स्टीलच्या डब्याला पोट असतं. प्लास्टिकचा ने."

कुंदाबाई भरताची वांगी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या. सुनेनं ते ऐकलं आणि ती चक्क हसली! शिरपूरच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली डिंपल, आणि सासूबाई तिला डब्याच्या पोटाबद्दल सांगत होत्या!

"आई, प्लास्टिक उन्हानं तडकतं. स्टील कसं, उकळता येतं!"

उकळणं म्हणजे डिंपलचा जीव की प्राण. जिया झाल्यापासून, म्हणजे गेली साडेतीन वर्षं, दीपनगरच्या त्या क्वार्टरमध्ये जे जे पातेल्यात मावेल ते ते उकळलं जाई. तिचा नवरा, नवीन, तिथल्या वीज केंद्रात कामाला. तो म्हणे, "मी एका बॉयलरवरून सुटतो आणि दुसऱ्यावर हजर होतो." डिंपलच्या पर्समध्ये थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, सॅनिटायझरची बाटली, आणि त्या बाटलीला जंतू लागले तर म्हणून दुसरी बाटली.

अशा बाईला छंद लागला तो जिओकॅशिंगचा! म्हणजे लोकांनी झाडाझुडपांत लपवलेले डबे हुडकायचा. खेळ सोपा. एकानं डबा लपवायचा आणि ठिकाण ॲपवर टाकायचं. बाकीच्यांनी मोबाईल घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, आतली एखादी किरकोळ वस्तू घ्यायची, बदल्यात आपली ठेवायची, आणि डबा होता तसा परत ठेवून यायचं. जिया त्या निमित्तानं मोकळ्या हवेत फिरेल, असा डिंपलचा हिशेब. फिरायच्या आधी आणि नंतर हात धुतले की झालं.

आपल्याकडे हा खेळ हिवाळीच. जळगावच्या मे महिन्यात माणूस डबा शोधायला निघाला, तर डबा सापडेल, पण माणूस शोधावा लागेल! म्हणून 'शोधाशोध मंडळ, खान्देश' हा अकरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप दिवाळीला जागा व्हायचा आणि होळीला झोपायचा. त्यातला धुळ्याचा प्रेमराज बँकेत होता. डबा हुडकायला त्याला नकाशा लागत नसे, नाक पुरायचं. जळगावची पुनम शाळेत शिक्षिका. ती वहीत सही करण्याआधी आधीच्यांचं शुद्धलेखन तपासायची.

तर डिंपलनं स्वतःचा पहिला डबा केला. लग्नात मामांनी दिलेला, कडीचा, चांगला चार माणसांच्या जेवणाचा. बुडाला 'चि. सौ. कां. डिंपल हिस मामाकडून' असं कोरलेलं. तो तिनं उकळला. आत वही, पेन्सिल, रबरी बदक, दोन गोट्या. झाकणावर ऑइलपेंटनं सुबक अक्षरांत लिहिलं, 'यातलं घ्या. बदल्यात काही ठेवा. डबा जागेवर ठेवा.'

कुंदाबाईंनी चष्मा लावून वाचलं. "हे तर मी शेजारच्या लताबाईशी रोज करते. त्याला मोबाईल कशाला लागतो?"

"आई, हा जागतिक खेळ आहे!" असं म्हणून डिंपलनं तो जागतिक डबा फैजपूरच्या अलीकडे, पाटाच्या वळणावरच्या चिंचेच्या ढोलीत नेऊन ठेवला. ग्रुपवर जाहीरही केलं, "खान्देशातला सगळ्यात स्वच्छ डबा!"

हे चार दिवस खरं होतं.

पाचव्या दिवशी ॲपवर प्रेमराजची नोंद आली. "डबा सापडला. घेतलं : कळण्याच्या तीन भाकरी, भरित, कांद्याची पात. ठेवलं : किल्लीचा छल्ला. डबा अजून गरम होता."

प्रेमराजचा विनोद, म्हणून डिंपलनं हसणारा चेहरा टाकला.

दोन दिवसांनी पुनम. "घेतलं : पुऱ्या, ठेचा. ठेवलं : पेन. बदक दिसलं नाही. वही दुधाच्या पिशवीत गुंडाळून नीट बाजूला ठेवलेली आहे. 'भरीत' मधली 'री' दीर्घ असते, प्रेमराजभाऊ."

पुनम विनोद करत नसे. डिंपलनं तो हसणारा चेहरा काढून टाकला.

मग ॲपवर आणि वहीत नोंदींची रांगच लागली! शेंगोळे. वरणबट्टी. तिळाचे लाडू. एकानं लिहिलं, "भरतात मीठ जरा कमी." दुसऱ्या दिवशीच्या माणसानं लिहिलं, "मीठ जरा जास्त." तिसऱ्यानं लिहिलं, "आता बरोबर!" नाशिकहून दोघं आले, सुरतेहून एक जोडपं मोटारीनं आलं. पाटाच्या त्या वळणाला एवढी माणसं पाट खोदला तेव्हाच काय ती आली असतील! प्रेमराज तर धुळ्याहून शंभरावर किलोमीटर मोटारसायकल हाणत आठवड्यात तीनदा, आणि येताना घरून लोणचं घेऊन.

इथं तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ताट घेऊन गेलो असतो. डिंपलनं यादी केली. नीलगायींसाठी ठेवलेलं विष. रानडुकरांसाठी ठेवलेलं विष. गुंगीचं औषध. बुरशी. यादी वाचून नवीन म्हणाला, "अगं, गुंगीचं औषध घालायचं तर कोण मीठ दुरुस्त करेल?"

"तू गप्प बस. मी बघून येते."

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिघं गेली. चिंचेखाली कुणी नव्हतं. डिंपलनं हातमोजे चढवले, डबा काढला, झाकण उघडलं, आणि फोटो काढायला म्हणून मोबाईल वर धरला. फोटोत डबा आला, लाडू आले, आणि एक लाडू तोंडात कोंबणारी जिया आली!

"थुंक! जिया, थुंक!"

जियानं गिळला. वर म्हणाली, "अजून."

तिथून भुसावळपर्यंत मोटारसायकल चालवली नवीननं, पण पळवली डिंपलनं! डॉक्टरांनी जियाची जीभ पाहिली, पोट दाबलं, डोळे पाहिले. मग डिंपलचे डोळे पाहिले. म्हणाले, "मुलगी ठणठणीत आहे. तुम्ही झोपता ना वेळेवर?"

एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण त्याच संध्याकाळी तिनं मोठ्या अक्षरांत कागद छापला. 'सावधान! या डब्यातील अन्न विषारी असू शकते. कोणीही खाऊ नये.' खाली स्वतःचा मोबाईल नंबर. कागद भिजेल म्हणून लॅमिनेशन! आणि सोमवारी चार खिळ्यांनी तो चिंचेवर ठोकून आली. जिया खिळे हातात द्यायला होती.

बुधवारी फोन वाजला.

"बाई, तो कागद तुमचाच ना? मी भिकन. दूध घालतो इकडं मळ्यांत. तुमचा कागद खरा निघाला की हो!"

"म्हणजे?"

"ताईबाईला दवाखान्यात नेलंय. त्याच डब्यातलं खाऊन!"

"कोण ताईबाई?"

मग भिकननं सांगितलं ते असं. चिंचेच्या मागच्या मळ्यात ताईबाई एकटी राहायची. माहेर शिरपूरकडचं, बोली अजून तिकडचीच. तिचा नवरा तोताराम केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम, आणि वीस माणसांचं जेवण तीस वर्षं हिच्या चुलीवर. तोताराम गेला, टोळी दुसरीकडे लागली. पण हाताला एका माणसाचं पीठ मळायची सवयच नाही! एक दिवस ढोलीत डबा दिसला. भिकननं तिला झाकणावरचं वाचून दाखवलं, बुडावरचं नावही. ताईबाई म्हणाली, कुणा लेकीच्या लग्नातला डबा, असा रिकामा बरा दिसतो का? आतलं बदक तिनं घेतलं, कारण घ्या लिहिलं होतं. भाकरी ठेवल्या, कारण ठेवा लिहिलं होतं. संध्याकाळी डबा रिकामा आणि वर एक छल्ला! तेव्हापासून भिकन रोज तिला वही वाचून दाखवत होता. मीठ कमी लिहिलेलं त्यानंच वाचलं, जास्त लिहिलेलंही. पुनमबाईंनी शुद्धलेखनाचं लिहिलेलं तेवढं त्यानं गाळलं.

"आणि सोमवारी तुमचा कागद वाचला, बाई. दोन दिवस तिनं चूलच पेटवली नाही. गावात तोवर झालंच, ताईबाईच्या हातचं विषारी! मग आज सकाळी डबा गच्च भरला, चिंचेखाली येऊन बसली, चार माणसं बोलावली. म्हणे, 'देखा, विष शे का ते!' आणि त्यांच्यासमोर बठ्ठा, सगळाच्या सगळा डबा एकटीनं खाल्ला!"

"आणि विष?"

"कसलं विष, बाई? डॉक्टर म्हणतात, अकरा भाकरी आहेत."

अकरा भाकरींवर दोन दिवस सलाईन चालली. शनिवारी ताईबाई मळ्यात परत आली, आणि रविवारी डिंपल जियाला घेऊन भेटायला गेली. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून दोन डझन केळी नेली. चारी बाजूंनी केळीच्या बागा, मध्ये ताईबाईची खोली, आणि दारात दोन डझन केळी घेतलेली ही!

बाजेवर बसलेली म्हातारी पिशवीकडे बघून हसली. "बरं करं वं. आठे केळं भेटतसच नहीत!"

डिंपलला माहेरची बोली ऐकून एकदम मोकळं वाटलं. नाव सांगितलं, तर ताईबाई उठूनच बसली. "डिंपल? मामाना डबावाली?" आणि तिनं कोनाडा दाखवला. बदक, छल्ले, पेन, सुरतेच्या जोडप्याची टिकल्यांची पाकिटं, सगळं ओळीनं मांडलेलं. बदक मध्यभागी, देवासारखं. "आते कोनी येत नही," ती म्हणाली. "तो धुळाना भाऊ बी नही."

मग तिनं विचारलं, "तो कागद कोनी लाया व्हई वं?"

आता सांगायचं, एवढंच ठरवून डिंपल आली होती. रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. आणि तोंडातून निघालं, "काय माहीत, अक्का."

"जाऊ दे. तिले न्हानं पोर व्हई. मायले भ्याव वाटस."

"मम्मा," जिया खणखणीत आवाजात म्हणाली, "तो कागद आपणच लावला ना? मी खिळे दिले!"

ताईबाईनं डिंपलकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती जियालाच म्हणाली, "ये वं माय. लाडू खास का?" आणि शेजारच्या डब्यातून, त्याच डब्यातून, तिळाचा लाडू काढून जियाच्या हातावर ठेवला.

डिंपलनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. लाडू एकदा तपासून झाला होता, डॉक्टरांनी पावती दिल्यासारखा! पण साडेतीन वर्षांची सवय. तिचा हात आपोआप पुढे गेला, जियाच्या मनगटापर्यंत. तिथं तिला कळलं आणि तिनं तो मागे घेऊन पदर सावरल्यासारखं केलं. अंगात पंजाबी ड्रेस होता. पदर नव्हताच.

ताईबाईनं ते पाहिलं.

ती हळूच उठली. डब्यातले उरलेले लाडू ताटलीत काढले. डबा राखेनं घासला, विसळला, लुगड्यानं कोरडा केला, वही पिशवीसकट आत ठेवली, कडी लावली आणि तो डिंपलपुढे धरला. "तुन्हा डबा. लई जाय."

घरी आल्यावर कुंदाबाईंनी डबा हातात घेतला. वजनानंच त्यांना कळलं, तरी झाकण उघडून पाहिलं.

"रिकामा दिला?" त्या म्हणाल्या. प्लास्टिकचाही विषय काढला नाही.

डबा आता फडताळात वरच्या फळीवर आहे. मंडळाचा हंगाम संपत आलाय. डिंपल दोनदा डबा भरून निघाली, एकदा शिऱ्यानं आणि एकदा पुरणपोळ्यांनी, आणि दोन्ही वेळा पाटाच्या वळणावरून परत आली. शिरा प्रेमराजला पाठवला. तो म्हणाला, साखर कमी आहे.

ॲपवर त्या डब्याचं पान मात्र तिनं बंद केलेलं नाही. मजकूर तेवढा बदललाय. जाऊन बघा, तो असा आहे :

"इथं आता डबा नाही. तरीही या. चिंचेच्या मागं मळ्यात ताईबाई राहतात. चुलीचा धूर दिसतो का, एवढं बघा. दिसला तर हाक मारा, नाही दिसला तर आधी हाक मारा. डबा आपला आणा, स्टीलचा आणा. त्या 'जेवनात का?', म्हणजे जेवलात का, असं विचारतील, तेव्हा हो म्हणू नका. मीठ कमी असलं तर वहीत लिहू नका, त्यांना सांगा. आणि परत निघताना डबा भरलेला मिळाला, तर कृपा करून मला तेवढं कळवा."

खाली मोबाईल नंबर आहे. चिंचेवर होता तोच.