सांगलीच्या थंडीतले बटाटे

वैशाखात, रस्त्याचं डांबर पाघळत असताना, आमच्या खटाव तालुक्यातून सांगलीला जाणाऱ्या एस.टी.त पलटणीतला जाड बराणकोट घालून बसलेला म्हातारा दिसला, तर त्याला वेडा समजू नका. ते आमचे शेजारी, तात्या सुभेदार. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेल्या आपल्या बटाट्यांना ते भेटायला निघालेले असत.

मी तेव्हा युरियाविरुद्ध पत्रकं काढायचो. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दुकानदार सांगेल तितकी पोती लोक रानात ओतत. बटाटा नारळाएवढा व्हायचा, आतून पोकळ निघायचा आणि साठवला की सडायचा. तात्या शेणखतवाले. युरिया अगदी बेतानं. "औषध हाय त्ये, जेवान न्हवं!" दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून ओरडत, "बटाटं लावलंयस का फुगं?" लोक त्यांना बघून वाट बदलत.

एकदा मी सही मागायला गेलो. पत्रकावर ठळक लिहिलं होतं : 'युरिया हटवा! कोल्ड स्टोरेज हटवा!'

"कोल्ड स्टोरेजनं तुझं काय घोडं मारलंय?"

"आवं तात्या, बटाटा गोड पडतो तिथं. तळला की काळा. गिऱ्हाइकाची फसवणूक आहे ही!"

"गोड पडतो, खरं हाय. पन भाईर काढला की लगीच कढईत टाकता, त्यो तरी काय करंल? दोन-तीन आठवडं घरात बसू द्यावा. गोडी उतरती."

"कुणी सांगितलं?"

"हिनं." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

सही मिळाली नाहीच. वर 'हटवा' खोडून त्यांनी 'नीट वापरा' लिहिलं. असलं मिळमिळीत पत्रक कोण वाचणार?

गणपतीच्या तीन आठवडे आधी तात्यांनी सांगलीहून एक पोतं आणून माजघरात पसरलं. रोज एका बटाट्याचे काप तळत आणि मला हाक मारत.

"गोड लागतुय?"

"लागतोय."

"थांबू मंग."

त्यांचा मुलगा लडाखला होता. आईनं तळलेल्या कापांवर तो अख्खं जेवण उरकायचा. ती गेल्यावर गावाकडं फिरकलाच नव्हता. या गणपतीत मात्र येणार होता.

काप अखेर पिवळेधमक, खुसखुशीत उतरले. त्याच दुपारी तार आली. रजा रद्द.

मी सरकारला तोंडाला येईल ते बोललो.

"गप रं. चौकीवर कुनीतरी पायजेच की." तात्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं. मी खाईपर्यंत त्यांनी कढई उतरवून ठेवली. मग म्हणाले, "कागद काढ. सांगलीला लिव्ह, दुसरं पोतं न्यायला पुढल्या आठवड्यात येतुय. दसऱ्यापतुर गोडी उतराय पायजे."

"दुसरं?"

"तीन ठिवल्यात. गनपती, दसरा, दिवाळी. त्येला कवा सोडत्याल, आपल्याला काय ठावं?"